आई कोषात आहे

सोमवार, २ सप्टेंबर

धाकटे,

आशीर्वाद, आणि त्याच्यासोबत एक चिमटा. डाव्या दंडाला, कारण उजवा पायासारखाच प्लॅस्टरमध्ये आहे.

फोन केला की वॉर्डातल्या सिस्टर सांगतात, पेशंट झोपलाय. सकाळी झोपलाय, दुपारी झोपलाय, दिवेलागणीला झोपलाय. उभ्या जन्मात तू एवढी झोपली नाहीस. तू माझ्याशी बोलत नाहीयेस हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडता येतं हे मला ठाऊक आहे, पण एका हाताने फाडायला वेळ लागतो, तेवढ्यात चार ओळी वाचून होतील. सिस्टर वाचून दाखवणार असतील तर त्यांना नमस्कार, आणि अक्षर लावून घ्या म्हणावं. बालवर्गाच्या बाईचं अक्षर फळ्यावर चांगलं असतं, कागदावर नाही.

तुझी गोटी मजेत आहे. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. जेवते, भांडते, उशी पायाशी घेऊन उलटी झोपते. घरी मी तिची मावशी आणि शाळेत तिची बाई, हा घोळ तिने पहिल्याच दिवशी आपला आपण सोडवला. मला 'मावशीबाई' म्हणते. आता सगळा वर्ग म्हणतो. परवा मुख्याध्यापिकाबाईंच्याही तोंडून निघून गेलं.

तू बजावलंस तेच तिला सांगितलं आहे. आई दौऱ्यावर गेली आहे, नाटकाचे दिवे लावते आहे, तिकडे फोन लागत नाही. तुझे दौरे तिला नवे नाहीत, त्यामुळे तिने मुकाट्याने मानलं. तिचे बाबा जहाजावर, जानेवारीआधी काही परतत नाहीत. म्हणजे तुझं प्लॅस्टर निघेपर्यंत हीच गोष्ट ओढायची आहे. मला हे पटत नाही, पण मी काही म्हणत नाही. मी काही म्हटलं की काय होतं ते दवाखान्यात पाहिलंच आपण. तुला त्या खाटेवर पाहिलं आणि 'तरी मी म्हणत होते, ते शिडीवर चढायचं काम सोड' असं म्हणून बसले. बरं, एकदा नाही, तीनदा म्हटलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नेमका शहाणपणा बाहेर पडतो. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस ते अजून फिरवलेलंच आहे.

तर दुसरं काहीतरी सांगते. वर्गात सध्या फुलपाखराचा पाठ चालू आहे. तक्त्यावर चार चित्रं आहेत, अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, आणि मधे बाण. मुलं तक्ता बघून जांभया देतात, त्यांचं काही चुकत नाही. म्हणून मी नळाजवळच्या कुंडीतलं लिंबाचं झाड धुंडाळलं आणि पानांवरच्या दोन अळ्या फांद्यांसकट काचेच्या बरणीत आणून ठेवल्या. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. लहान असताना या अळ्या अगदी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, कुणी खाऊ नये म्हणून. हे सांगितल्याबरोबर वर्गात जे हसू फुटलं ते मधल्या सुट्टीपर्यंत आवरलं नाही. आमच्या वर्गात एक वकील आहे, साडेचार वर्षांचा. तो म्हणाला, पण बाई, मग ती खरंच विष्ठा असेल तर? मी म्हटलं, उद्या पान खाल्लं तर अळी. दुसऱ्या दिवशी पान कुरतडलेलं होतं. वकीलसाहेबांनी ते हातात घेऊन उजेडात धरून बघितलं आणि मगच खटला मागे घेतला.

गोटी रोज सकाळी बरणीसमोर उकिडवी बसते आणि अळ्यांना 'खा, खा' करते. तिला जेवताना मी करते तसं.

तुझी,
ताई


बुधवार, ११ सप्टेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं.

अळ्यांनी कोष केले. हिरव्यागार होऊन, बोटाएवढ्या जाड होऊन खायच्या एकाएकी थांबल्या, पोट रिकामं केलं आणि फांदीला शेपटी चिकटवून कमरेभोवती एक धागा बांधून घेतला. तू वर चढताना कमरेला पट्टा बांधतेस ना, हुबेहूब तसा. मग कातडी टाकली आणि आत काय चाललंय याचा पत्ता नाही. मी मुलांना सांगितलं, आता कुणी बरणी हलवायची नाही, अळी आत मोठं काम करते आहे. तेव्हापासून वर्गात मुलं पावलं न वाजवता चालताहेत. नोकरी लागल्यापासून असा वर्ग मी पाहिला नव्हता.

आता जे लिहिणार आहे ते बसल्या बसल्या ऐक. अर्थात तुला दुसरं काही करताही येत नाही.

शाळेत झाडलोट करणाऱ्या काकू मनाने देवमाणूस, पण तोंडाला दार नाही. गोटीच्या वेण्या घालता घालता त्या म्हणाल्या, बिचारीची आई एवढ्या उंचावरून पडली, पाय बांधून ठेवलाय म्हणे. गोटी तशीच अर्धी वेणी घेऊन माझ्याकडे आली आणि विचारलं, आईचा पाय कुणी बांधला?

दौऱ्याची गोष्ट तिथल्या तिथे संपली. खरं सांगायची तुझी परवानगी नव्हती. अठरा मुलं माझ्याकडे बघत होती, हात बरणीवर होता, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हटलं, कुणी बांधला नाही गं, आई कोषात आहे. पांढरा कोष आहे, डॉक्टरांनी केलाय. त्यात गप्प पडून राहायचं असतं.

आणि ते तिला एवढं पटलं म्हणून सांगू. रडणं नाही, हट्ट नाही. घरी येऊन तिने तुझं चित्र काढलं, पांढरा लांबट गोळा आणि वरच्या टोकाला तुझे कुरळे केस. वर्गात तर तिचा भाव वधारला आहे. कुणाची आई बँकेत, कुणाची दुकानात, हिची कोषात. वकिलाने काय काय विचारलं, पण शेवटी त्यालाही मान्य करावं लागलं, कारण बरणी समोर होती.

मी माझी पाठ थोपटून घेतली हे कबूल करते. पंचवीस वर्षं पोरांना समजावतेय, म्हटलं, काही तरी जमायला लागलं.

ताई


शुक्रवार, २० सप्टेंबर

धाकटे,

सिस्टरांच्या अक्षरातलं तुझं उत्तर मिळालं. एक ओळ, 'कोषात? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?' आणि खाली सिस्टरांनी आपल्या पदरची एक ओळ घातली आहे, 'पेशंट आज पहिल्यांदा हसल्या.' सिस्टरांचं भलं होवो. मी ते पत्र पर्समध्ये ठेवलं आणि दिवसभर उगाच पर्स उघडून बघत होते.

पण तू हसलीस तेवढं पुरे. आता हसू नकोस, कारण तुझा प्रश्न बरोबर होता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

बुधवारी पहिलं फुलपाखरू बाहेर आलं. आदल्या दिवशी कोष काळपट झाला होता, आतले पंख दिसायला लागले होते, म्हणून प्रार्थना झाल्याबरोबर सगळ्यांना बरणीभोवती बसवलं. कोष फाटला, ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि फांदीला लोंबकळत राहिलं. हळूहळू पंख उलगडले. काळे, त्यावर पिवळट ठिपके. मी खिडकी उघडली. ते काठावर थोडा वेळ बसलं आणि गेलं. टाळ्या, आरडाओरडा, सगळं झालं.

गोटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने विचारलं, त्याला ती पानं खाणारी अळी आठवते का?

मी बाई म्हणून उत्तर दिलं. म्हटलं, नसावी आठवत. आता ते पानं खात नाही, फुलातला रस पितं. आता ते वेगळं झालं.

परत येईल?

नाही येणार, म्हटलं. त्याला आता उडता येतं ना.

बोलून गेले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर उशीर झाला होता. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तर बरणीचा मच्छरदाणीचा तुकडा बाजूला, आणि राहिलेल्या कोषाला वह्यांना लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली. भरपूर. कोष कुठला आणि पट्टी कुठली कळू नये इतकी. कुणी केलं विचारायची गरज नव्हती. गोटी कोपऱ्यात पट्टीचं रिकामं रीळ हातात घेऊन उभी होती.

मी रागावले नाही. जवळ घेतलं, विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "मावशीबाई, डॉक्टरांना सांग, आईचा कोष उघडू नका. ती बाहेर आली की आपल्याला ओळखणार नाही. मग खिडकीतून जाईल."

धाकटे, त्या वेळी मला काय वाटलं ते लिहिणार नव्हते, पण लिहिते. मला माझीच शरम वाटली आणि भीती वाटली. तू घरी येशील आणि तुझी पोर टेबलाखाली लपून बसेल, हे मला डोळ्यांसमोर दिसलं.

मग मी सगळं खरं सांगितलं. तुझी परवानगी न घेता, घे हवं तर रागावून. आई शिडीवरून पडली, हाड मोडलं, हाड हलू नये म्हणून पांढरं प्लॅस्टर लावलं, आत आई तीच आहे, बाहेर येईल तीही तीच. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आधी तू म्हणालीस दौरा. मग म्हणालीस कोष. आता म्हणतेस हाड."

वकिलालाही हा मुद्दा सुचला नसता. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि त्यात माझी पतच गेली. आता मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ती खिडकीत जाऊन बघेल.

म्हणून मागते आहे. माझ्याशी बोलू नकोस, जन्मभर बोलू नकोस, पण तिच्याशी बोल. तू म्हणाली होतीस, माझा आवाज ऐकला तर तिला कळेल, मला रडू येईल. येऊ दे. तिला आता जे कळलंय त्यापेक्षा ते बरं. येत्या शुक्रवारी तुझं प्लॅस्टर काढणार असं सिस्टर म्हणाल्या. त्यानंतर तरी लगेच फोन कर.

ताई


सोमवार, २३ सप्टेंबर

धाकटे,

घाईत दोन ओळी. काल रविवारी दुसरं फुलपाखरू कुणाला न विचारता बाहेर आलं. शनिवारी मी आणि गोटी मिळून ओल्या बोटांनी पट्टी सोडवली होती. ती सोडवू देत नव्हती. शेवटी मी म्हटलं, आतल्याला श्वास घ्यायला नको का? तेव्हा नाइलाजाने हात लावला. मच्छरदाणी मी मुद्दामच बांधली नाही, खिडकीही उघडी ठेवली. आज बघतो तर रिकामं टरफल. फुलपाखरू धड होतं की अधू हे कुणालाच माहीत नाही, पण वर्गात कुठे पडलेलं नव्हतं. म्हणजे उडालं. मुलं हिरमुसली. मला मात्र सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं, कारण गोटीसमोर आणखी एक फुलपाखरू खिडकीबाहेर सोडायची माझी छाती नव्हती.

तिने टरफल हातात घेतलं, आत डोकावलं आणि म्हणाली, कुणीच नाही. तेवढंच. मग दिवसभर माझ्या ओढणीचं टोक धरून हिंडली. शाळेत ती कधी असं करत नाही.

शुक्रवारची वाट बघते आहे. तुझ्यापेक्षा जास्त.

ताई


सोमवार, ३० सप्टेंबर

धाकटे,

परवा तुझ्याकडे डॉक्टर आले म्हणून तू मधेच फोन ठेवलास. इकडे काय झालं ते तुला ऐकू आलं नाही. आणि जे ऐकू आलं त्यातलंही निम्मं तुला समजलं नसणार, कारण नंतर मला विचारत होतीस, ती हसत का होती? फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज लागेना. म्हणून पुन्हा कागद घेतला.

तुझा फोन आला तेव्हा आम्ही कपडे वाळत घालत होतो. मी 'आईचा फोन' म्हटलं मात्र, ती चिमटे टाकून टेबलाखाली. मी फोनचा आवाज मोठा करून टेबलाजवळ फरशीवर ठेवला आणि बाजूला झाले. तू काहीतरी बोलत होतीस, बोलता बोलता नाक ओढत होतीस. ती ऐकत होती, पण बाहेर येत नव्हती. आणि मग तिने परीक्षा सुरू केली. ती तयारी करून बसली होती, धाकटे. आठवडाभर तिने प्रश्न जमवले असणार.

झोपताना मी काय धरते?

तू म्हणालीस, माझा कान.

कुठला?

डावा. आणि ओढतेस.

मग, पानं खातेस का? यावर तू म्हणालीस, दवाखान्यात जे देतात त्यापेक्षा पानं बरी, पण नाही खात. ती हसली नाही. तिला विनोद नको होते. पंख आहेत का, तिने विचारलं. तू म्हणालीस, नाहीत गं, सिस्टरांनी पाठ पुसताना बघितली आहे. मी तोंडावर हात दाबून उभी होते.

आणि मग तिने विचारलं, "उडता येतं का तुला?"

सकाळीच डॉक्टर तुला सांगून गेले होते, पाय आखडलाय, निदान वर्षभर काठी लागेल, आणि शिडीचं पुढे बघू. 'पुढे बघू' म्हणजे काय ते तुला आणि मला दोघींना कळतं. तू म्हणालीस, "नाही गं राणी. मला धड चालताही येत नाही. काठी घेऊन हळूहळू चालेन. पूर्वीसारखं भराभर नाही जमायचं आता." शेवटी तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. मला वाटलं, संपलं, आता दोघीही रडणार.

तर ही टेबलाखालून रांगत बाहेर आली. फोन दोन्ही हातांनी उचलला, गालाला लावला आणि हसायला लागली. ते हसू तू ऐकलंस. तुला वाटलं असेल, पोर आपल्या लंगडण्याला हसते आहे. तसं नाही. तिच्या सगळ्या भीतीला तू एका वाक्यात उत्तर दिलंस. मी दौरा, कोष, हाड, सगळं करून थकले, आणि तू नुसतं खरं बोललीस. माझा जीव भांड्यात पडला. तू फोन ठेवल्यावर मी वाळत घातलेल्या चादरीच्या मागे जाऊन मनसोक्त रडून घेतलं. बऱ्याच दिवसांचं साठलं होतं.

आज शाळेत पोचल्या पोचल्या, चपला काढायच्या आत तिने वर्गाला जाहीर केलं, "माझ्या आईला उडता येत नाही." वकिलाने विचारलं, कशावरून? ती म्हणाली, मी स्वतः विचारलं. मग त्याचंही समाधान झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुलपाखरू उडालं तेव्हा वाजवल्या होत्या त्यापेक्षा जोरात. दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या काकूंना काही कळेना, त्यांनीही वाजवल्या.

आता तुझ्या शिडीबद्दल. मी वर्षानुवर्षं म्हणत आले, ते काम सोड, सोड. तेव्हा डॉक्टरांचं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. काडीचं बरं वाटलं नाही. तुझ्या पहिल्या नाटकाला मी आले होते ते आठवत राहिलं. रंगमंचाकडे कोण बघत होतं? मी वर बघत होते, तू कुठल्या अंधारात बसून उजेड हलवते आहेस ते शोधत होते. मानेला रग लागली होती. तेव्हा पाय बरा कर आणि परत चढ, किंवा चढू नकोस, खाली बसून दुसऱ्यांना चढव. मी जे म्हणायचं ते म्हणून झालं आहे. आता तुझं तू ठरव.

तोवर इकडे ये. माझं घर तळमजल्यावर आहे, पायऱ्या दोनच. पुढच्या खोलीत तुझी खाट लावली आहे. गोटी उलटी झोपते तेव्हा मोडलेला पाय तिच्या लाथेच्या टप्प्यात येणार नाही असं बघितलं आहे.

आणि एक राहिलं, तेच खरं सांगायचं होतं. आज शाळेतून येताना तिने विचारलं, आई हळू चालेल म्हणजे किती हळू? मी छत्रीची काठी केली आणि तू चालशील तशी चालून दाखवली, एक पाय टाकायचा, थांबायचं, दुसरा ओढायचा. रस्त्यावरचे लोक बघत होते. ती माझ्या शेजारून चालून बघत होती. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, एवढंच हळू? रोज? म्हटलं, बरेच दिवस.

तिने माझा हात धरला, आणखी चार पावलं टाकली आणि म्हणाली, "म्हणजे आता मला आईच्या मागे पळावं लागणार नाही."

वाट बघतोय.

ताई